स्कोप नवा, माउंट घट्ट, तरी छर्रा भलतीकडेच का जातो? वाचकांचे नेमबाजीचे प्रश्न

या महिन्यातल्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं स्कोपबद्दलचीच निघाली, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ आणि आज फक्त स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण. एक गोष्ट आधीच सांगतो. खाली कुठलंही काम करायला रायफल हातात घ्याल तेव्हा पहिलं काम म्हणजे नळी रिकामी आहे का ते स्वतःच्या डोळ्याने बघायचं, आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचं. "रिकामीच आहे रे" असं कुणी सांगितलं तरी बघायचं.

प्रश्न (सातारा): मी स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल (नळी खाली वाकवून छर्रा भरायची) एअर रायफल घेतलीय, पॉइंट १७७. त्यावर ३-९ बाय ४० चा स्कोप लावला. पहिले दहा-पंधरा छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे बसतात, नंतर ग्रुप (छर्ऱ्यांचा पुंजका) सरकत जातो, कधी वर कधी बाजूला. दुकानदार म्हणाला स्कोप खराब आहे, बदलून दिला, पण दुसऱ्याचंही तेच. आता तिसरा घेऊ का?

उत्तर: दादा, तिसरा स्कोप घेऊ नका, आधी एक टोकदार पेन्सिल घ्या. माउंटच्या, म्हणजे स्कोप रायफलवर धरणाऱ्या जोडाच्या, मागच्या रिंगच्या अगदी पाठीला चिकटून रेलवर (रायफलच्या वरच्या पट्टीवर) एक बारीक रेघ मारा, आणि तशीच दुसरी रेघ स्कोपच्या नळीवर, तीही रिंगला चिकटूनच. मग निवांत पंचवीस छर्रे मारा आणि परत बघा. रेलवरची रेघ माउंटखाली गेली असेल तर अख्खं माउंटच मागे सरकतंय, आणि नळीवरची रेघ रिंगपासून लांब गेली असेल तर माउंट जागेवर आहे पण स्कोप रिंगमधून घसरतोय. दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

स्प्रिंग रायफलचा झटका बाकी बंदुकांसारखा नसतो, हे खूप जणांना कुणी सांगतच नाही. ट्रिगर सुटला की आतला जड पिस्टन पुढे धावतो, तेव्हा रायफल मागे येते, आणि क्षणात तो पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो तेव्हा रायफल जोरात पुढे हिसकते, म्हणजे एकाच फायरमध्ये मागे आणि पुढे असे दोन धक्के, आणि त्यातला पुढचा जास्त कडक. एसटीने एकदम पिकअप घेतला की उभा माणूस कसा मागे जातो, तसं रायफल पुढे जाते आणि स्कोप मागे राहायला बघतो, म्हणून तो रेलवरून इंचाइंचाने नाही पण केसाकेसाने मागे येत राहतो. मोठ्या बंदुकीसाठीचे बरेच स्कोप मुख्यतः एकाच दिशेचा धक्का सोसायला बनवलेले असतात, त्यामुळे तिकडे वर्षानुवर्षं टिकणारा महागडा स्कोपसुद्धा स्प्रिंग रायफलवर आतून ढिला होऊ शकतो. घेताना तो एअरगनसाठी चालतो असं कंपनीने लिहिलंय का ते बघून घ्या.

आता उपाय. माउंट सरकत असेल तर मागच्या माउंटच्या खाली एक छोटी पिन असते का बघा, ती स्टॉप पिन. तुमच्या रायफलच्या डोव्हटेलवर, म्हणजे त्याच खाचेच्या रेलवर, मागच्या बाजूला एक-दोन छोटी भोकं असतील, त्यातल्या एकात ती पिन नीट उतरली पाहिजे, नुसती वर टेकून नाही. भोक नसेल तर माउंटच्या मागे लावायचा वेगळा स्टॉपर मिळतो तो लावा. फक्त स्क्रू जोर लावून आवळत बसलात तर डोव्हटेलच्या कडा झिजतील आणि मग काहीच धरणार नाही. स्कोप रिंगमधून घसरत असेल तर रिंग उघडा, रिंगची आतली बाजू आणि स्कोपची नळी दोन्ही स्पिरिटने स्वच्छ पुसा, कारखान्यातलं तेल तिथे हमखास असतं, आणि कोरडं झाल्यावर परत बसवा. नव्वद टक्के काम तिथेच होतं.

आणि पेन्सिलच्या दोन्ही रेघा जागच्या जागी राहिल्या, तर स्कोपला सोडा आणि दस्त्याचे स्क्रू बघा. पुढच्या बाजूला दोन्हीकडे एकेक आणि ट्रिगर गार्डला एक-दोन असे असतात. स्प्रिंगच्या थरथरीने ते ढिले होतात, आणि ढिल्या दस्त्याची लक्षणं आणि बिघडलेल्या स्कोपची लक्षणं हुबेहूब सारखी. तुमचे दोन्ही स्कोप कदाचित चांगलेच होते. माझ्याकडे रेंजवर "स्कोप गेला" म्हणून आलेल्या कित्येक रायफली स्क्रू ड्रायव्हरच्या अर्ध्या फेऱ्यात बऱ्या होऊन परत गेल्यात.

प्रश्न (नागपूर): क्रॉसहेअर (स्कोपमधल्या उभ्या-आडव्या रेघा) सरळ बसलंय की नाही हे ओळखायचं कसं? मला सरळ दिसतं, मित्राने खांद्याला लावली की तो म्हणतो डावीकडे कललंय. त्याने फिरवून दिलं की मला उजवीकडे कललेलं दिसतं. आमची यावरून भांडणं होतात. आणि थोडं वाकडं असलं तर फरक तरी काय पडतो?

उत्तर: तुम्ही दोघंही खरं बोलताय. प्रत्येकजण रायफल खांद्याला थोडी वेगळ्या कोनात लावतो, म्हणून डोळ्याला विचारून स्कोप सरळ बसवायचाच नाही. तिसरा पंच पाहिजे, आणि तो म्हणजे गवंड्याचा ओळंबा.

फरक काय पडतो ते आधी. क्रॉसहेअर वाकडं बसलेलं असलं की आपण नकळत रायफल तिरपी करून क्रॉसहेअर सरळ करतो. स्कोप नळीच्या साधारण साडेचार सेंटिमीटर वर असतो असं धरा. रायफल ५ अंशाने कलली की नळी स्कोपच्या बरोबर खाली न राहता जवळपास ४ मिलिमीटर बाजूला जाते. तुम्ही १० मीटरवर झिरो केलंत, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवलेत, तर तिथे सगळं झकास, कारण ती चूक टरेटच्या (नेम सरकवायच्या स्कोपवरच्या चाकीच्या) क्लिकमध्ये जिरते, पण तीच रायफल ४० मीटरवर नेलीत की छर्रा उलट बाजूला साधारण १२ मिलिमीटर जातो, आणि माणूस म्हणतो वारा होता. वारा नव्हता. वर आणखी तुम्ही लांबच्या टार्गेटसाठी टरेट वर फिरवला आणि तो खरंच सरळ वर न जाता तिरका जात असेल, तर प्रत्येक क्लिकबरोबर थोडी बाजूची चूकही तुम्ही स्वतः मोजून देताय. १० मीटरच्या पलीकडे कधी मारणारच नसाल तर थोडा कल खपून जाईल, पण मग पुढे मैदान मिळालं की सगळं परत करायला लागेल.

आता रीत. एखाद्या संध्याकाळी वारा पडल्यावर करा. गवंडीकामाचा ओळंबा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर मागून आणा. पंधरा-वीस मीटरवर झाडाच्या फांदीला नाहीतर गॅलरीच्या गजाला पांढऱ्या दोरीने टांगा, आणि खालचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. ही बादली विसरू नका. तिच्याशिवाय दोरी हलत राहते आणि तुम्ही अर्धा तास तिच्या थांबण्याची वाट बघत बसता, पाण्यात बुडालं की मिनिटभरात दोरी तारेसारखी स्थिर होते.

रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांत पक्की बसवा. माउंट लावण्याआधी रेलच्या सपाट भागावर आडवी छोटी लेव्हल बॉटल ठेवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत रायफल हलवा. मग रिंगचे खालचे भाग, त्यात स्कोप, वरची झाकणं नुसती टेकवून, म्हणजे स्कोप हाताने फिरला पाहिजे. आता स्कोपमधून दोरी बघा आणि उभी रेघ दोरीला समांतर येईपर्यंत स्कोप अलगद फिरवा. दोरीवर रेघ बरोबर ठेवली की एक क्षण असा येतो की दोरी रेघेमागे पूर्ण गायब होते, वरपासून खालपर्यंत. तो क्षण आला की हात काढा, पुढे काही करू नका, चहा प्या, आणि परत येऊन ताज्या डोळ्याने बघा.

खूप जण लेव्हल बॉटल टरेटच्या टोपीवर ठेवतात. टोपी आणि आतली रेघ काटकोनातच असतील याची खात्री नसते, स्वस्त स्कोपमध्ये तर अजिबात नाही, म्हणून शेवटचा शब्द ओळंब्याचा.

आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, ते म्हणजे आवळताना. एका बाजूचा स्क्रू पूर्ण आवळलात की झाकण त्या बाजूला ओढतं आणि स्कोप आत गिरकी घेतो, डोळ्यादेखत दोरीवरून रेघ सुटते. गाडीचं चाक बसवताना नट कसे समोरासमोरचे थोडेथोडे आवळतो तसंच इथे, कर्णात, प्रत्येक वेळी पाव फेरी, आणि दोन्ही बाजूंना झाकणाखालची फट सारखी राहते का बघत. दर फेरीनंतर परत एकदा दोरी बघा. माझा पहिला स्कोप एका दुकानात काउंटरवर पाच मिनिटांत बसवून मिळाला होता, एका बाजूची फट बंद आणि दुसऱ्या बाजूला पोस्टकार्ड जाईल एवढी. पुढे तो उघडला तेव्हा नळीवर रिंगच्या कडेची चंद्रकोर उमटलेली होती, बोटाने चाचपली तरी कळायची, आणि त्या जागेपासून आतली यंत्रणा अडखळायची. तो स्कोप मी अजून ठेवलाय, नवीन मुलांना बोट फिरवायला देतो.

डोळ्याचं अंतर मात्र ओळंब्याच्या आधीच ठरवून घ्या. झूम सगळ्यात जास्तीवर ठेवा, कारण तिथे जागा सगळ्यात कमी मिळते. डोळे मिटा, रायफल सवयीप्रमाणे खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं, कडेला काळी सावली नाही, तर जागा बरोबर. मान पुढे-मागे करावी लागली तर मान नाही, स्कोप सरकवा. बहुतेक स्कोपना डोळ्यापासून ७५ ते १०० मिलिमीटर लागतात.

प्रश्न (कोल्हापूर): माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, सहा महिने १० मीटर एअर रायफल शिकतेय. तिच्या मैत्रिणीच्या भावाकडे दुर्बीणवाली रायफल आहे, त्यावर तिचे नेम छान लागले. तिला स्कोप घेऊन दिला तर प्रगती लवकर होईल का?

उत्तर: ताई, नका घेऊ. तिच्या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, ४५१.४ गुण, तेव्हा त्याच्या रायफलवर स्कोप नव्हता. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं तेही पीप साइटवरच. मागे बारीक छिद्र, पुढे रिंग, आणि त्या रिंगमध्ये काळा गोळा.

१० मीटरच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तो दुर्बिणीशिवाय मारायचा म्हणजे श्वास, गाल, खांदा आणि ट्रिगरचं बोट हे सगळं दरवेळी तिथेच आलं पाहिजे, आणि ते अंगात बसायला वेळ लागतो. स्कोपमध्ये स्वतःची थरथर मोठी दिसते, मग या वयातलं मूल रेघ बरोबर ठिपक्यावरून जाते तो क्षण पकडायला ट्रिगरला झटका द्यायला लागतं. ती सवय एकदा लागली की सोडवायला महिने जातात, मी हे खूप मुलांच्या बाबतीत जवळून पाहिलंय. तेच पैसे चांगल्या शूटिंग जॅकेटला किंवा जास्तीच्या छर्ऱ्यांना घाला. आणि तिला जमलं नाही म्हणून ती रडवेली होत असेल तर सहा महिने म्हणजे काहीच नाही हे तिला सांगा, खरंच काहीच नाही.

प्रश्न (नाशिक): १० मीटरवर माझे छर्रे ३ सेंटिमीटर डावीकडे बसतात. मी टरेट उजवीकडे ५ क्लिक फिरवला, काही फरक नाही. अजून ५ फिरवला, किंचित सरकलं. स्कोप अडकलाय का?

उत्तर: अडकलेला नाही, हिशोब चुकलाय. तुमच्या टरेटवर बहुतेक १ क्लिक म्हणजे १०० यार्डांना पाव इंच असं काहीतरी लिहिलेलं असेल. ते १०० यार्डांचं आहे. तुम्ही त्याच्या साधारण एक दशांश अंतरावर उभे आहात, म्हणून एक क्लिक तिथे पाऊण मिलिमीटरही हलवत नाही, बरोबर सांगायचं तर ०.६९. ३ सेंटिमीटर म्हणजे ३० मिलिमीटर, म्हणजे तुम्हाला ४३ क्लिक लागणार आणि तुम्ही १० वर थांबलात. बिनधास्त एकूण ४० पर्यंत न्या, पाच छर्ऱ्यांचा ग्रुप मारा, मग उरलेलं बघा. एकेका छर्ऱ्यामागे क्लिक फिरवू नका, आयुष्यभर पाठलाग करत बसाल. टरेटवर मिल हे माप असेल आणि क्लिक ०.१ चा असेल तर हिशोब आणखी सोपा, १० मीटरला एक क्लिक म्हणजे १ मिलिमीटर.

पत्रात तुम्ही पुढे लिहिलंय की १० मीटरला चित्र धुरकट दिसतं. ते जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्या स्कोपला पुढच्या भिंगावर किंवा बाजूला अंतराची फिरकी आहे का? नसेल तर तो बहुतेक १०० यार्डांवर कायमचा बसवलेला असणार. अशा स्कोपमध्ये १० मीटरवर रायफल न हलवता नुसतं डोकं थोडं हलवलं तरी क्रॉसहेअर टार्गेटवर इकडेतिकडे पळतं, त्यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात, आणि ४० मिलिमीटरच्या भिंगाला ही चूक मध्यापासून १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे तुमच्या क्लिकच्या हिशोबाला काही अर्थच उरत नाही. एअर रायफलला १० यार्डांपर्यंत खाली येणारी फिरकी असलेला स्कोप घ्या. तो येईपर्यंत गाल दरवेळी अगदी त्याच जागी टेकवा, दस्त्यावर कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण केलीत तरी चालेल.

आणि आधी मागची आयपीस फिरवून रेघ स्वच्छ करून घ्या. पांढऱ्या भिंतीकडे बघत, दोन सेकंद बघायचं, नजर काढायची, परत बघायचं. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीच्या जागेलाही बरोबर म्हणतो. सूर्याकडे स्कोप कधीच नाही.

प्रश्न (अहिल्यानगर): मोर शेतात येऊन भुईमूग उकरतात. एअर रायफलवर कुठला स्कोप लावू म्हणजे लांबूनच...

उत्तर: कुठलाच नाही. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला मारणं हा गुन्हा आहे. तुमचं नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही, त्यासाठी वन खात्याकडे जा. पण छर्ऱ्याने पक्षी जागेवर मरत नाही, पंखात नाहीतर पोटात छर्रा घेऊन कुठल्यातरी बांधाला दोन दिवस तडफडतो. हे मी पाहिलंय आणि मला त्यात मदत करायची नाही.

प्रश्न (पुणे): छर्रा १० मीटरला ८ सेंटिमीटर खाली. टरेट वर फिरवत गेलो, आता शेवटाला टेकला, अजून ३ सेंटिमीटर खालीच आहे, आणि ग्रुपही विस्कटला.

उत्तर: ब्रेक बॅरलमध्ये नळी बंद झाल्यावर किंचित खाली झुकलेली राहते, कारखान्यातल्या उघड्या साइटवर ते कळत नाही कारण ती साइट नळीबरोबरच जुळवलेली असते. स्कोप रेलवर, म्हणून त्याला कळतं. टरेट शेवटाला गेला की आतल्या स्प्रिंगचा ताण संपतो आणि रेघ मोकळी डुलायला लागते, तुमचा विस्कटलेला ग्रुप तो हाच.

टरेट आधी मधोमध आणा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा आणि निम्मे परत या. मग उंची बदलता येणारं माउंट घ्या, तोच खरा उपाय. तोवर मागच्या रिंगमध्ये स्कोपच्या नळीखाली एक पातळ पट्टी घालता येते. रिंगमधलं अंतर १०० मिलिमीटर असेल तर पाव मिलिमीटरची पट्टी १० मीटरवर छर्रा अडीच सेंटिमीटर वर नेते. याहून जाड नको, स्कोपची नळी वाकते.

प्रश्न (डॅलस, अमेरिका): माझ्याकडे पॉइंट टू टू ची बोल्ट ॲक्शन (गोळीची रायफल) आहे, पिकाटिनी रेल (आडव्या खाचांची). क्लबमध्ये एकजण म्हणतो १८ वर टॉर्क करा (तेवढ्या जोराने आवळा), दुसरा म्हणतो लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) लावा. माझ्याकडे गाडीचा टॉर्क रेंच आहे.

उत्तर: भाऊ, तो रेंच बाजूला ठेवा, लगेच. गाडीचा रेंच फूट-पाउंडमध्ये असतो आणि ते १८ म्हणजे इंच-पाउंड. बारा पटीचा फरक. स्क्रू तुटेल, नाहीतर त्याआधी स्कोपची नळी चेपेल. रिंगच्या झाकणांना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, तरी तुमच्या रिंगबरोबर आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. छोटा टॉर्क ड्रायव्हर तिकडे सहज मिळेल. नसेल तर ॲलन कीचा लांब दांडा स्क्रूत घालायचा आणि आखूड दांडा दोन बोटांनी फिरवायचा, बोटं थांबली की थांबायचं.

लॉकटाइट लावायचंच तर निळं, तेही रेल रायफलला धरणाऱ्या स्क्रूंना आणि अगदी थेंबभर. झाकणांच्या स्क्रूंना कोरडंच ठेवा. ओलं असलं की त्याच आकड्याला स्क्रू जास्त आवळला जातो. लाल लॉकटाइट घरातच आणू नका.

आणि पिकाटिनीवर माउंट ठेवलं की आवळण्याआधी ते नळीच्या दिशेने पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा, कारण तुमची रायफल मागेच येणार आणि स्कोप पुढे जायला बघणार. साताऱ्याच्या दादांची स्प्रिंग रायफल पिकाटिनीवाली असती तर त्यांना मी मागे ढकलायला सांगितलं असतं. सगळं झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर उतरणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेंजवर पोचल्यावर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरलाय, आणि ते तुम्हाला एकही गोळी न मारता कळेल.